तीन दिवसांची गोळी, कित्येक आठवड्यांचे औषध : ॲझिथ्रोमायसिन लिहिणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
ओपीडीत, वॉर्डात आणि खासगी दवाखान्यात ॲझिथ्रोमायसिन लिहिणारे सर्व डॉक्टर

विषय : तीन दिवसांच्या कोर्सबद्दलचा गैरसमज आणि त्याचे परिणाम

सप्रेम नमस्कार.

घसा खवखवतो, नाक वाहते, अंगात कणकण आहे, एवढ्या तक्रारींवर ‘ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, रोज एक, तीन दिवस’ असे सर्रास लिहिले जाते. त्यामागे तीन समजुती असतात : औषध सौम्य आहे, कोर्स छोटा आहे, आणि उपयोग झाला नाही तरी अपाय होणार नाही. पहिली निम्मी खरी आहे. दुसरी साफ चुकीची आहे, आणि तिसरी दुसरीच्याच आधाराने उभी असल्यामुळे तिच्यासोबत पडते.

रुग्ण गोळ्या तीन दिवस घेतो, पण औषध त्याच्या शरीरात कित्येक आठवडे राहते. ॲझिथ्रोमायसिनचे अंतिम अर्धायुष्य, म्हणजे शरीरातला साठा निम्मा व्हायला लागणारा वेळ, सुमारे ६८ तासांचे आहे. त्या हिशेबाने शेवटच्या गोळीनंतर आठवड्याने साठ्याचा साधारण सहावा भाग शिल्लक असतो आणि दोन आठवड्यांनी तिसावा. इरिथ्रोमायसिनचे अर्धायुष्य दीड-दोन तास, क्लॅरिथ्रोमायसिनचे मात्रेनुसार तीन ते सात तास. मॅक्रोलाइड या एकाच घराण्यातल्या औषधांत एवढी तफावत का, हे कळले की ॲझिथ्रोमायसिन कुठे द्यावे आणि कुठे देऊ नये यातले बरेचसे आपोआप उलगडते. म्हणून आधी थोडे रसायन.

फिलिपिन्समधल्या इलोइलो येथील मातीचा नमुना डॉ. अबेलार्दो अग्विलार यांनी १९४९ मध्ये एली लिली कंपनीकडे पाठवला. त्यातल्या जिवाणूपासून इरिथ्रोमायसिन मिळाले आणि १९५२ मध्ये ते वापरात आले. हा जिवाणू, आजच्या नावाने सॅकॅरोपॉलिस्पोरा एरिथ्रिया, प्रोपिओनेटच्या एका तुकड्याला मिथाइलमॅलोनेटचे सहा तुकडे एकामागून एक जोडतो, साखळीची टोके जुळवून १४ अणूंचे कडे करतो आणि त्यावर डेसोसामीन व क्लॅडिनोज या दोन शर्करा बसवतो. एवढे विष तयार करूनही तो स्वतः मरत नाही, कारण आपल्याच रायबोसोमवर (प्रथिने बनवणाऱ्या यंत्रावर) नेमक्या जागी मिथाइल गट लावून ठेवणारे विकर (एन्झाइम) त्याच्याकडे आहे. मॅक्रोलाइडविरुद्धचा प्रतिकार औषधाइतकाच जुना आहे, तो रुग्णालयांत जन्मलेला नाही. त्याला पसरायला वाव मात्र आपणच देतो.

इरिथ्रोमायसिनची अडचण जठरात सुरू होते. कड्याच्या ९व्या कार्बनवरचा कीटोन गट आणि ६व्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट आम्लात एकमेकांशी जुळतात आणि रेणू निकामी होतो. शिवाय इरिथ्रोमायसिन आतड्यातल्या मोटिलिनच्या (पचनमार्ग हलवणाऱ्या संप्रेरकाच्या) ग्राहींना चिकटते, आणि आम्लात तयार होणारा एक घटक तर त्याहून जोरात चिकटतो. पोटात कळा येतात त्या यामुळे. (याच गुणाचा उलटा फायदाही घेतला जातो : वरच्या पचनमार्गातून रक्तस्राव होत असेल तर एंडोस्कोपीच्या अर्धा ते दोन तास आधी २५० मिलिग्रॅम इरिथ्रोमायसिन शिरेतून दिले की जठर रिकामे होऊन दृष्टी स्वच्छ मिळते. जठर मंदावलेल्या रुग्णातही ते चालते, पण काही दिवसांतच ग्राही दाद देईनाशी होते.) क्लॅरिथ्रोमायसिनमध्ये ६व्या जागेवर मिथाइल गट लावून ही भानगड मिटवली. झाग्रेब येथील प्लिव्हा कंपनीत स्लोबोदान जोकिच यांच्या गटाने १९८० मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी ९व्या जागेचा कीटोनच काढला आणि कड्यात एक नायट्रोजन घातला. कडे १५ अणूंचे झाले. तेच ॲझिथ्रोमायसिन.

त्या एका नायट्रोजनने बरेच काही बदलले. आता रेणूत प्रोटॉन उचलणारे दोन नायट्रोजन झाले. प्रभारहित अवस्थेत रेणू पेशीच्या पटलातून आत जातो, आम्लधर्मी लायसोसोममध्ये दोन्ही नायट्रोजन प्रोटॉन उचलतात, आणि प्रभारित रेणूला बाहेर पडता येत नाही. मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल, फायब्रोब्लास्ट सगळीकडे साठा होतो. वितरण आकारमान दर किलोला सुमारे ३१ लिटर आहे, म्हणजे औषध रक्तात जवळपास नसतेच. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीनंतर रक्तद्रवातली कमाल पातळी दर लिटरला जेमतेम ०.४ मिलिग्रॅम असते, तर ऊतींमध्ये ती दहा ते शंभर पट. पेशींतला हा साठा मग हळूहळू परत झिरपत राहतो. ६८ तास येतात ते इथून.

या वागण्याचे दोन थेट परिणाम आहेत. पेशीच्या आत राहणाऱ्या जिवाणूंवर, म्हणजे लीजिओनेला, क्लॅमिडिया, स्क्रब टायफसचा ओरिएन्शिया, विषमज्वराचा साल्मोनेला टायफी यांच्यावर, औषध चांगले चालते. साल्मोनेला टायफीची एमआयसी (वाढ रोखायला लागणारी किमान पातळी) दर लिटरला ४ ते १६ मिलिग्रॅम असली तरी रुग्ण बरा होतो, तो यामुळेच, रक्तातल्या ०.४ कडे पाहिले तर हे अशक्य वाटावे. उलट ज्या आजारात जिवाणू मुख्यतः रक्तात आहेत, तिथे एकट्या ॲझिथ्रोमायसिनच्या भरवशावर राहणे धोक्याचे. न्यूमोकॉकसच्या न्यूमोनियात रक्तात जिवाणू असण्याची शक्यता वाटली तर बीटा-लॅक्टम (पेनिसिलिन किंवा तत्सम औषध) सोबत हवेच.

आता प्रतिकाराकडे. मॅक्रोलाइड जिवाणूच्या रायबोसोमच्या ५०एस भागात, नवी प्रथिनसाखळी ज्या बोगद्यातून बाहेर पडते त्याच्या सुरुवातीला जाऊन बसते. डेसोसामीन शर्करा २३एस आरएनएमधल्या २०५८ क्रमांकाच्या ॲडेनिनला टेकते. माणसाच्या रायबोसोममध्ये त्या जागी ग्वानिन आहे, म्हणून आपल्या पेशी सुटतात. बोगदा पूर्ण बंद होत नाही. काही साखळ्या औषधाला वळसा घालून बाहेर सरकतात, काही ठरावीक क्रम आला की अडकतात. ही बारीक गोष्ट इथे मुद्दाम सांगितली, कारण एर्म हे प्रतिकाराचे सर्वांत महत्त्वाचे जनुक तिच्यावरच चालते. त्या जनुकाच्या आधी एक छोटी साखळी तयार होते. औषध असेल तर रायबोसोम तिच्यावर अडकतो, संदेशवाहक आरएनएची घडी बदलते आणि पुढचे मिथाइल लावणारे विकर बनू लागते. ते २०५८च्या ॲडेनिनवर मिथाइल गट लावते, आणि मॅक्रोलाइडसोबत क्लिंडामायसिन व स्ट्रेप्टोग्रामिन-बी या दोन गटांचीही जागा जाते. औषध नसेल तर जनुक गप्प बसते. प्रतिकार औषधाच्याच चाहुलीने जागा होतो, आणि अर्धवट पातळीचे औषध या कामाला पुरेसे असते.

दुसरा मार्ग मेफ पंपाचा. न्यूमोकॉकसमध्ये तो बराच दिसतो. मॅक्रोलाइड बाहेर फेकले जाते, क्लिंडामायसिन शाबूत राहते. तिसरा मार्ग २३एस जनुकातल्या उत्परिवर्तनाचा, आणि तो कुणात घडतो हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ई. कोलायकडे या जनुकाच्या सात प्रती असतात, एक बिघडली तरी बाकी सहांचे रायबोसोम औषधाला बळी पडतात. मायकोप्लाझ्मा न्यूमोनी आणि मायकोबॅक्टेरियम एव्हियम यांच्याकडे एकच प्रत, हेलिकोबॅक्टर पायलोरी आणि सिफिलिसचा ट्रेपोनेमा यांच्याकडे दोन. तिथे एका अक्षराच्या बदलाने उपचार कोसळतो. सिफिलिसमध्ये ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस हा एकेकाळी सोयीचा पर्याय वाटत होता, तो असाच गेला. हेलिकोबॅक्टरमध्ये क्लॅरिथ्रोमायसिनविरुद्धचा प्रतिकार १५ टक्क्यांवर गेलेल्या भागात क्लॅरिथ्रोमायसिन असलेले तिहेरी उपचार आंधळेपणाने देऊ नयेत, हा नियम त्याच कारणाने आला.

आता हे सारे त्या ६८ तासांशेजारी ठेवून पाहा. कोर्स संपल्यावर दोन-तीन आठवडे घशातले, आतड्यातले, नाकातले निरुपद्रवी जिवाणू अशा पातळीच्या औषधात राहतात की जी मारायला अपुरी आणि निवड करायला भरपूर. निरोगी स्वयंसेवकांवरची एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिनचा एकच कोर्स घेतलेल्यांच्या तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये मॅक्रोलाइडला न जुमानणाऱ्यांचे प्रमाण १८० दिवसांनंतरही प्लासिबो गटापेक्षा जास्त होते. हे स्ट्रेप्टोकॉकस आपली जनुके न्यूमोकॉकसला देऊ शकतात. एर्म-बी जनुक बऱ्याचदा टेट्रासायक्लिनविरोधी जनुकासोबत एकाच फिरत्या तुकड्यावर असते, त्यामुळे सर्दीसाठी दिलेल्या गोळ्यांची किंमत डॉक्सीसायक्लिनलाही मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने ॲझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ‘वॉच’, म्हणजे जपून वापरायच्या औषधांच्या, गटात ठेवले आहे, आणि २०२४च्या प्राधान्य-जिवाणूंच्या यादीत मॅक्रोलाइडला न जुमानणारे न्यूमोकॉकस व ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस या दोघांची नावे आहेत.

‘पण रुग्णांना बरे वाटते’ असे काही सहकारी म्हणतात. सर्दी-खोकला बहुतेक वेळा आपल्या गतीने उतरतोच, आणि उतरणीच्या वेळी दिलेल्या कुठल्याही गोळीला श्रेय मिळते. मॅक्रोलाइड दाह कमी करते हे खरे आहे. जपानमध्ये डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिसच्या (फुप्फुसातल्या बारीक नळ्यांच्या जुनाट दाहाच्या) रुग्णांचे आयुष्य कमी मात्रेच्या इरिथ्रोमायसिनने वाढले, सिस्टिक फायब्रोसिसमध्ये आठवड्यातून तीन वेळा दिलेले ॲझिथ्रोमायसिन उपयोगी पडते. पण तो परिणाम आठवडे-महिने औषध चालू ठेवल्यावर दिसतो आणि विशिष्ट आजारांत दिसतो. तीन दिवसांच्या सर्दीला त्याचा दाखला लागू नाही. कोविडच्या काळात हाच युक्तिवाद जगभर चालला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिकव्हरी चाचणीत रुग्णालयातल्या २,५८२ रुग्णांना ॲझिथ्रोमायसिन दिले गेले, आणि २८ दिवसांतले मृत्यू औषध दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत २२ टक्केच राहिले.

मग द्यावे कुठे? आणि तिथे पुरेसे दिले जाते का? नको तिथे देणारा हातच हवे तिथे कमी देतो, असे प्रिस्क्रिप्शन पाहताना वारंवार दिसते.

घशाचा स्ट्रेप्टोकॉकस घ्या. पहिले औषध पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, दहा दिवस. ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकसमध्ये पेनिसिलिनविरुद्धचा प्रतिकार आजवर दवाखान्यात अडचण ठरलेला नाही, मॅक्रोलाइडविरुद्धचा ठरला आहे. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर ॲझिथ्रोमायसिन दर किलोला १२ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पाच दिवस. कमाल ५०० मिलिग्रॅम. एकूण मात्रा दर किलोला ६० मिलिग्रॅम होते. मुलांना सवयीने दिला जाणारा १० मिलिग्रॅमचा तीन दिवसांचा कोर्स एकूण ३० मिलिग्रॅमच भरतो, आणि चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात तो दहा दिवसांच्या नेहमीच्या उपचारापेक्षा कमी पडला आहे. २० किलोच्या मुलाला रोज २४० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ६ मिलिलिटर. ‘एक चमचा’ लिहिलेत की पाच दिवसांत जवळपास एका पूर्ण डोसाएवढी तूट पडते, शिवाय घरातला चमचा किती मोठा हे कुणालाच ठाऊक नसते. मिलिलिटरमध्ये लिहा आणि मापाची पिचकारी द्यायला सांगा. संधिवातज्वर टाळणे हा उपचाराचा हेतू असेल आणि तुमच्या भागात स्ट्रेप्टोकॉकस मॅक्रोलाइडला दाद देत नसेल, तर घसा दुखायचा थांबला यावर समाधान मानता येत नाही.

विषमज्वर हे आजच्या घडीला या औषधाचे सर्वांत मोलाचे काम आहे. सिंधमध्ये २०१६ पासून पसरलेल्या साल्मोनेला टायफीवर सेफ्ट्रिॲक्सोनही चालत नाही; तोंडाने देता येण्याजोगे भरवशाचे औषध म्हणून ॲझिथ्रोमायसिनच उरले. आणि बांगलादेशातून २०१९ मध्ये त्यालाही न जुमानणाऱ्या जिवाणूंची नोंद झाली. तिथे ए-सी-आर-बी या पंपाच्या प्रथिनात ७१७ क्रमांकावर एकच अमिनो आम्ल बदललेले होते. गुंतागुंत नसलेल्या विषमज्वरात मात्रा दर किलोला २० मिलिग्रॅम, कमाल १ ग्रॅम, रोज एकदा, पाच ते सात दिवस. तेच २० किलोचे मूल इथे रोज १० मिलिलिटर घेईल. ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरतो. तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून औषध बदलू नका आणि दुसरे जोडू नका. आतड्याला भोक, रक्तस्राव, ग्लानी, शॉक असे काही असेल तर शिरेतून उपचार लागतात, गोळीने भागत नाही.

इथेच तीन दिवसांची सवय सर्वांत जास्त घात करते. निदान न झालेल्या तापात प्रौढाला ५०० मिलिग्रॅम तीन दिवस दिले, तर विषमज्वरासाठी ती मात्रा अर्धी आणि मुदतही अर्धी झाली. ताप थोडा दबतो, परत येतो, आणि तोवर रक्ताचे कल्चर निगेटिव्ह यायला लागते. मग पुढचा डॉक्टर अंधारात चाचपडतो. पाच दिवसांवर टिकलेल्या तापात पहिली गोळी देण्याआधी कल्चरचे रक्त काढा. प्रौढात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर, कारण विषमज्वरात दर मिलिलिटर रक्तात जिवाणू एखाद-दुसराच असतो. २ मिलिलिटर रक्त पाठवून आलेल्या ‘निगेटिव्ह’ला फारसा अर्थ नाही.

डांग्या खोकल्यात सहा महिन्यांखालच्या बाळाला दर किलोला १० मिलिग्रॅम पाच दिवस. त्याहून मोठ्यांना पहिल्या दिवशी १० आणि पुढचे चार दिवस ५. प्रौढांना ५०० आणि मग २५० मिलिग्रॅम. घरातल्या निकटच्या माणसांनाही हीच मात्रा प्रतिबंधक म्हणून. औषधाने जिवाणू जातात आणि संसर्ग थांबतो. ठसका लागायला सुरुवात झाली असेल तर खोकला मात्र फारसा आखडत नाही, हे पालकांना आधीच सांगितले नाही तर ते आठवड्याने दुसरे प्रतिजैविक मागायला येतात. महिन्याच्या आतल्या बाळाला इरिथ्रोमायसिन देऊ नका. जठराचे तोंड जाड होऊन बंद होण्याचा धोका वाढतो. ॲझिथ्रोमायसिननेही तो अगदीच टळत नाही, म्हणून दूध पाजल्यावर जोराची, लांब उडणारी उलटी झाली तर लगेच आणायला सांगा.

क्लॅमिडियासाठी १ ग्रॅमचा एकच डोस आता पहिली निवड राहिलेला नाही. गुदमार्गाच्या संसर्गात तो उघडच कमी पडतो. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा, सात दिवस. गरोदरपणात मात्र ॲझिथ्रोमायसिनच. मायकोप्लाझ्मा जेनिटेलियममध्ये तोच एक ग्रॅम प्रतिकार निवडून देतो. पटकीत सलाईन आणि ओआरएस आधी, मग प्रौढांना १ ग्रॅम एकदाच. खुपरीच्या सामूहिक उपचारात दर किलोला २० मिलिग्रॅम एकदाच देतात आणि गावोगावी वजनकाटा नेण्याऐवजी उंचीच्या काठीवर मात्रेच्या खुणा करतात. साधी आणि हुशार युक्ती. यॉजमध्ये (त्वचा-हाडांच्या जिवाणूजन्य आजारात) दर किलोला ३० मिलिग्रॅम एकदाच.

जुनाट खोकल्याबद्दल एक कळकळीची विनंती. क्षयाच्या जिवाणूवर ॲझिथ्रोमायसिनचा उपयोग नाही, पण त्याच कुळातल्या एव्हियम गटावर मॅक्रोलाइड हेच मुख्य शस्त्र आहे. इथॅम्ब्युटॉल आणि रिफॅम्पिसिनसोबत, थुंकीचे कल्चर निगेटिव्ह झाल्यावर आणखी १२ महिने, असा तो उपचार चालतो. एकटे मॅक्रोलाइड वारंवार दिले की एकच प्रत असलेल्या त्या जनुकात बदल झालेले जिवाणू उरतात, आणि मग बरे होण्याची शक्यता फार खाली जाते. सीओपीडीत (श्वासनळ्या अरुंद होण्याच्या जुनाट आजारात) वा ब्राँकिएक्टेसिसमध्ये (श्वासनळ्या कायमच्या फुगण्याच्या आजारात) महिनोन्‌महिने ॲझिथ्रोमायसिन सुरू करण्याआधी थुंकीत हे मायकोबॅक्टेरिया नाहीत याची खात्री करा, ईसीजी काढा, ऐकण्याची तपासणी करा. वर्षभर रोज २५० मिलिग्रॅमच्या मोठ्या चाचणीत सीओपीडीचे झटके कमी झाले, पण काहींचे ऐकणेही कमी झाले.

हृदयाबद्दल. मॅक्रोलाइड हृदयपेशीतला पोटॅशियमचा एक मार्ग अडवतात, क्यूटी (ईसीजीवरचे एक अंतर) लांबतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ॲझिथ्रोमायसिनच्या पाच दिवसांच्या कोर्सात, अमॉक्सिसिलिनच्या तुलनेत, दर दहा लाख कोर्समागे ४७ जास्त हृदयमृत्यू मोजले गेले. आधीच हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्यांत ते २४५ होते. आकडा लहान आहे. पण ज्याला औषधाची गरजच नव्हती त्याच्यासाठी तो शून्य असायला हवा होता. प्रत्यक्षात घात करते ती जुळणी : उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरलेले, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन चालू, त्यावर ॲझिथ्रोमायसिन, आणि कधी कधी सोबत लिव्होफ्लॉक्सासिनही. चारही गोष्टी एकाच रुग्णात एकत्र येणे दुर्मीळ नाही. हृदयगतीनुसार दुरुस्त केलेला क्यूटी ५०० मिलिसेकंदांवर असेल तर मॅक्रोलाइड नको. मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या रुग्णालाही नको. स्नायूंची दुर्बलता अचानक वाढते.

दुसऱ्या औषधांशी होणाऱ्या झटापटीत ॲझिथ्रोमायसिन बरेच निरुपद्रवी आहे, त्याचे धाकटे-थोरले भाऊ नाहीत. इरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांच्यापासून यकृतात बनणारा एक घटक औषधे मोडणाऱ्या सीवायपी-३ए४ विकराच्या लोहाला घट्ट धरून बसतो. विकर नव्याने तयार होईपर्यंत अडथळा राहतो, म्हणून गोळी बंद केल्यावरही काही दिवस परिणाम टिकतो. सिम्वास्टॅटिनसोबत स्नायू विरघळतात. कोर्सभर स्टॅटिन थांबवा. कोल्चिसिनसोबत, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर, मृत्यू झालेले आहेत. ही जोडी टाळाच. ॲम्लोडिपिन वा निफेडिपिन घेणाऱ्या वृद्धांत रक्तदाब एकदम पडून मूत्रपिंडाला इजा होते. कार्बामॅझेपिन, टॅक्रोलिमस, वॉरफॅरिन, डिगॉक्सिन या प्रत्येकाची पातळी किंवा परिणाम पाहावा लागतो. क्रिॲटिनिन क्लिअरन्स ३० खाली असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन निम्मे करा.

वॉर्डातल्या सहकाऱ्यांसाठी, कारण इथे चुका रोजच्या आहेत. ५०० मिलिग्रॅम ॲझिथ्रोमायसिनच्या वायलमध्ये ४.८ मिलिलिटर निर्जंतुक पाणी घातले की १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम होते. ते ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये घातले तर तीन तासांत, २५० मिलिलिटरमध्ये घातले तर एका तासात द्या. थेट शिरेत ढकलायचे नाही, स्नायूतही द्यायचे नाही. इरिथ्रोमायसिन लॅक्टोबायोनेट आधी फक्त निर्जंतुक पाण्यात विरघळवा; कोरड्या पावडरीवर थेट सलाईन ओतले तर ते नीट विरघळत नाही, गोळा होतो. त्यानंतर ते सलाईनमध्ये पातळ करून सावकाश सोडा, नाहीतर शीर सुजते आणि दुखते. मुलांच्या क्लॅरिथ्रोमायसिनचे सिरप तयार केल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका. ते घट्ट होते आणि कडूही लागते, आणि मग मूल थुंकते व कोर्स अर्धवट राहतो. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे अँटासिड आणि ॲझिथ्रोमायसिन यांत दोन तासांचे अंतर ठेवा.

शेवटी आमच्या प्रयोगशाळेच्या बाजूचे. स्टॅफिलोकॉकसच्या अहवालात इरिथ्रोमायसिन ‘आर’ (चालत नाही) आणि क्लिंडामायसिन ‘एस’ (चालते) दिसले तर डी-टेस्ट झाली आहे का ते विचारा. १५ मायक्रोग्रॅमची इरिथ्रोमायसिनची चकती आणि २ मायक्रोग्रॅमची क्लिंडामायसिनची चकती १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर ठेवतात. क्लिंडामायसिनभोवतीच्या वर्तुळाची इरिथ्रोमायसिनकडची कड सपाट झाली की एर्म जनुक झोपलेले आहे, नाहीसे झालेले नाही, आणि क्लिंडामायसिन ‘आर’ असेच कळवायला हवे. ही चाचणी न करता दिलेल्या ‘एस’वर हाडाच्या किंवा खोल गळवाच्या रुग्णाला क्लिंडामायसिन दिले जाते आणि दहा दिवसांनी फसते. आम्लात मॅक्रोलाइडचा जोर उतरतो, म्हणून प्लेट कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवली की माध्यम आम्लधर्मी होऊन वर्तुळे लहान येतात. अहवाल आणि रुग्ण यांचा मेळ बसत नसेल तर हेही विचारायला संकोच करू नका. आणि नमुना पाठवताना फॉर्मवर एक ओळ जास्त लिहा : गेल्या सहा आठवड्यांत कुठले मॅक्रोलाइड घेतले होते का, केव्हा आणि किती दिवस. रुग्ण ‘नाही’ म्हणाला तर ‘तीन गोळ्यांचे छोटे पाकीट घेतले होते का’ असे विचारून पाहा. उत्तर पुष्कळदा बदलते.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र या विषयांत काम करणारे काही सहकारी